टाके घातलेली होडी

त्या वर्षी माझे हात सतत खाजत असायचे. काचेच्या धाग्यांचे बारीक कण कोपरापर्यंत रुतलेले, आणि कितीही धुतले तरी ते निघायचे नाहीत. गरम पाण्याने तर आणखीच आत शिरायचे. संध्याकाळी डिचोलीहून बसने नार्व्याला, आमच्या गावी, उतरले की आई मला घरात घ्यायची नाही. विहिरीपाशी उभी करून गार पाण्याच्या दोन बाल्द्या हातांवर ओतायची, मग कोकमाच्या सोलांचं पाणी चोळायची, आणि हे सगळं करताना तिचं तोंड चालू असायचं. माझे कपडे ती वेगळ्या दोरीवर वाळत घालायची, कारण एकदा तिच्या लुगड्याला माझा झगा चिकटून राहिला आणि पुढे दोन दिवस ती देवळात आरतीला उभी असतानासुद्धा पाठ खाजवत होती. आई पेडण्याची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी तिने माहेरची बोली सोडली नव्हती. "माका सांग, बामणाच्या पोरी बँकेत जातत, मास्तरणी होतत. तुका ह्या खाजरा काम कोणी दाखयला गो?" असं ती रोज विचारायची आणि रोज मी उत्तर द्यायचं टाळायची. खरं उत्तर असं होतं की मला त्या घरातून, त्या गावातून आणि त्या नदीकाठावरून कुठेतरी निघून जायचं होतं, आणि काचेचे धागे हा मला सापडलेला एकच रस्ता होता.

रसायनशास्त्र घेऊन मी जेमतेम पदवी मिळवली होती. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका गृहस्थांनी पत्र्याची शेड टाकून फायबरचं काम सुरू केलं होतं. पाण्याच्या टाक्या, खुर्च्या, कारखान्यांच्या छपरांचे पत्रे असलं काहीबाही तिथे बनायचं. त्या गृहस्थांना सगळे 'इंजिनेर' म्हणायचे. त्यांना रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा हे मोजून घालणारं कुणीतरी हवं होतं. जास्त पडला तर बादलीतच धूर येऊन दगड व्हायचा, कमी पडला तर आठवडाभर चिकटच राहायचं. ते काम मला मिळालं. मी तेव्हाही उतावळीच होते, आणि रेझिनसारखी उतावळी वस्तू मला दुसरी भेटली नाही. एकदा मिसळलं की ते तुमच्यासाठी थांबत नाही, तुम्हालाच त्याच्यामागे धावावं लागतं. मला ते फार आवडायचं.

घरी मात्र सगळंच थांबलेलं होतं. आमचं शेत नदीपलीकडे, खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत. फेरीबोट लागायची ती दुसऱ्या धक्क्याला, तिथून आमच्या बांधापर्यंत चिखलातून चालत जाणं म्हणजे अर्धा दिवस गेला. म्हणून अण्णा, माझे वडील, आपल्या होडीने जायचे. होडी आंब्याच्या लाकडाची, आजोबांच्या वेळची, पाणी पिऊन पिऊन जड झालेली. नदीतून खनिज वाहणाऱ्या मोठ्या बोटी, बार्जी, जायच्या. एक बार्ज गेली की मागून अशी लाट यायची की काठाला बांधून ठेवलेली होडी दगडांवर आपटून फुटायची. त्यामुळे प्रत्येक वेळी ती ओढून वर चढवावी लागे, अलीकडेही आणि पलीकडेही. भाऊ आखातात नोकरीला गेला तोवर हे त्या दोघांचं काम होतं. तो गेला त्याच पावसाळ्यात अण्णांची कंबर धरली. तेव्हापासून होडीची दुसरी बाजू माझी झाली. सकाळी शेडवर जायच्या आधी मी त्यांना पलीकडे पोचवून, होडी चढवून, परतीच्या कुठल्या तरी होडीने यायची आणि संध्याकाळी पुन्हा आणायला जायची. पहाटे पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजला की मागोमाग अण्णांची हाक यायची, "सुमा, सुकती लागता गो, चल." ओहोटी लागायच्या आत निघायला हवं, म्हणून आईने हातात कोंबलेला उंडो, तो गोल पाव, चहात न बुडवताच खात मी चिखलात उतरायची.

तशात पुण्याहून पत्र आलं. इंजिनेरांच्या ओळखीच्या एका फायबरच्या कारखान्यात मुलींना शिकाऊ म्हणून घेणार होते, राहायची सोय होती, आणि दोन महिन्यांनी हजर व्हायचं होतं. मी ते पत्र जेवताना वाचून दाखवलं. त्या दिवशी शेवट्या माशांचं हुमण होतं, अण्णांना फार आवडायचं. ते काटे काढत राहिले. मग म्हणाले, "वच म्हणपाक म्हाका जाय. पूण होडी कोण ओडटलो?" जा म्हणावंसं त्यांना वाटत होतंच; त्यात रागही नव्हता, अडवणूकही नव्हती. खाजन एक वर्ष जरी पडून राहिलं तरी बांधाला भगदाडं पडतात, खारं पाणी आत येतं, आणि मग ते शेत राहत नाही. अण्णांना त्या शेताखेरीज दुसरं काही येत नव्हतं. माझ्याखेरीज होडी ओढायला दुसरं कुणी नव्हतं. इतकी साधी गोष्ट होती, आणि त्या साधेपणाचाच मला संताप यायचा. भांडायला कुणी दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं.

तेव्हा मी ठरवलं की अण्णांना एकट्याने ओढता येईल अशी होडी आपणच करायची. नुसत्या फायबरची होडी पातळ केली तर लवते, जाड केली तर लाकडाइतकीच जड होते. पण इंजिनेरांनी मला एक युक्ती दाखवली होती. मधे हलका फोम, आणि त्याच्या आतून-बाहेरून काचेच्या धाग्यांची पातळ कातडी. उंड्याच्या दोन कापांमध्ये भाजी भरावी तसं. दोन कातड्या एकमेकींपासून दूर राहिल्या म्हणून ताठ राहतात, आणि फोमला वजनच नसतं. आज विमानं, आगगाड्यांचे डबे, पवनचक्क्यांची पाती सगळी अशीच होतात, आणि मी आयुष्यभर तेच करत आले. पण तेव्हा माझ्या लेखी ती पुण्याला जायची वाट होती, बाकी काही नाही. आईला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "काचेची होडी! आणि फुटली तर गो?" अण्णांनी फक्त जुन्या होडीची मापं मला दोरीने घेऊन दिली, गाठी मारून.

इंजिनेर भला माणूस. उरलेसुरले फोमचे तुकडे, काचेच्या धाग्यांच्या मॅटच्या कापट्या आणि तळाला रेझिन राहिलेलं एक पिंप त्यांनी मला दिलं, आणि जेवणाच्या सुट्टीत काम करायची परवानगी. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा ठोकून त्यावर फोम बसवला, बाहेरची कातडी चढवली. शेडमधली सगळी माणसं मधूनमधून हात लावून जायची. सगळ्यांत जास्त तानाक्का. ती कोल्हापूरकडची, चंदगड भागातली. नवरा खाणीवर, ही आमच्याकडे टाक्या घासायला. जेवण झालं की ती भिंतीला टेकून जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसायची. लांब दाभण आणि जाड दोरा. तिचे टाके बघत बसणं हा माझा त्या दिवसांतला एकमेव निवांतपणा होता. बाहेरची कातडी वाळली तेव्हा शेडमधली जागा दुसऱ्या कामाला लागणार होती, म्हणून ते अर्धं कवच आम्ही एका टेम्पोतून नार्व्याला आणलं. दोघांनी सहज उचलून ते घराजवळच्या अवजारांच्या खोपटात, आमच्या मांगरात ठेवलं. शेजारपाजारचे बघायला आले. एका म्हाताऱ्याने त्यावर टिचकी मारून विचारलं की हा पाळणा आहे का.

आता आतली कातडी राहिली होती. घरी आले की मी तेच बडबडायची. हवा कोरडी हवी, फोमवर धूळ नको, घामाचा थेंब नको, तेलाचा हात तर मुळीच नको, नाहीतर रेझिन धरत नाही. आई त्या दिवसांत केसांना तेल लावायलाही मला जवळ घेईना. रविवारी सकाळी मी मांगरात बसून आतली कातडी चढवली. फोम थोडा काळपट वाटला. दंव पडलं असेल म्हणून मी फडक्याने पुसला आणि कामाला लागले, कारण हार्डनर घातलेलं रेझिन बादलीत गरम व्हायला लागलं होतं. रेझिनच्या उग्र वासात दुसरा कुठला वास कळत नाही. थोडं थांबून नीट पाहिलं असतं तर कळलं असतं, पण थांबणं मला कधी जमलं आहे!

चार दिवसांनी होडी पाण्यात घातली. मी आणि अण्णा. काठावर पाच-सात माणसं. ती अशी हलकी तरंगली की मला हसू आवरेना. अण्णांनी वल्हं मारलं, आम्ही दहा-बारा हात गेलो, आणि मग त्यांनी जागा बदलायला पाय उचलून पुढे टाकला. तेव्हा 'थप्' असा पोकळ आवाज आला. त्यांनी पुन्हा पाय ठेवला. पुन्हा तसाच. त्यांच्या पायाखाली आतली कातडी सुटून फुगली होती, पापडावर फोड यावा तशी, आणि बघता बघता तो फोड माझ्या पायापर्यंत धावत आला. होडीचं बूड लवायला लागलं. पाणी आत आलं नाही, बाहेरची कातडी शाबूत होती, पण तळावर उभं राहवेना. अण्णांनी शांतपणे होडी वळवून काठाला लावली. "बरें केलें तुवें," ते म्हणाले. "पूण हें आमचें काम न्हय." काठावरचा तोच म्हातारा म्हणाला, "पाळणोच तो." सगळे हसले. मी कुणाकडे न बघता होडी एकटीने ओढून मांगरात नेली. एकटीने ओढता आली, हे मला त्या क्षणी सुचलंसुद्धा नाही.

संध्याकाळी मी पटाशी घेऊन बसले. आतली कातडी सोलली तर ती सालीसारखी सहज निघाली, खालचा फोम जराही न उखडता. बोट फिरवलं तर बोट तुळतुळीत झालं. नाकाशी नेलं. रेझिनचा वास आता उडून गेला होता आणि मागे राहिला होता खोबरेल तेलाचा वास, दर रविवारी आई माझ्या डोक्यावर थापायची त्या तेलाचा. मी तशीच चुलीपाशी गेले. अण्णा पेज जेवत होते. बोट त्यांच्यापुढे धरून मी विचारलं, "हें कोणें लायलां?" ते म्हणाले, "नव्या होडयेक तेल लावंक नाका? न्हवरेक लायतात, होडयेक लायतात. रीत आसा." मी ओरडले. वडिलांवर आवाज चढवायची माझी ती पहिली वेळ. मला काय काय म्हणायचं होतं ते मी म्हटलं, त्यातलं बरंचसं आता आठवतं आणि लाज वाटते. तुमच्या रीतीने माझा जन्म फुकट चालला, असंही म्हटलं. अण्णांनी पेजेचं ताट सरकवलं आणि बाहेर गेले. आई म्हणाली, "बापूस आसा तो तुझो. देवाक केला तसा केल्यान. माणूस जसो जगलो तसोच वागतलो." मला ते पटलं नाही, पण खरं वाटलं. अडाणीपणाने का होईना, होडीचं भलं व्हावं म्हणूनच त्यांनी हे केलं, असं मी स्वतःला समजावलं.

नव्याने फोम घेऊन पुन्हा करावी, तर साहित्य नव्हतं आणि येणारही नव्हतं. ते गोव्यातल्या कोंकणी-मराठी भाषेच्या चळवळीचे दिवस. सकाळी कुठला रस्ता उघडा असेल सांगता येत नसे. कुठे झाड आडवं पडलेलं, कुठे टायर जळत असलेला, म्हापशाची बस अर्ध्यातून परत फिरलेली. रेझिनची पिंपं घेऊन येणारा ट्रक सीमेपलीकडेच अडकला होता. आमच्या घरात अण्णा एक बोलायचे, आई दुसरं, पाटीवर मी तिसरं लिहायला शिकले आणि देवळात भजन त्याच पाटीवरच्या भाषेत व्हायचं. कुणाला त्याचं ओझं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसांत मात्र बसमध्येसुद्धा माणसं तोंड उघडण्याआधी समोरच्याकडे बघायची. माझं मन त्यात नव्हतं, हे कबूल करते. मला प्रत्येक बंद रस्ता म्हणजे पुण्याच्या तारखेतून वजा झालेला एक दिवस वाटायचा. पुढे गोवा राज्य झालं तेव्हा मी तिथे नव्हते, आणि तेव्हा मात्र परक्या गावात एकटीच पेढे वाटत फिरले.

शेडवर मी पोचले त्या दिवशी तानाक्काने माझं तोंड बघून काय झालं ते विचारलं. मी सोललेला तुकडा तिच्यापुढे टाकला. तिने तो उलटासुलटा केला, बोटांनी दाबला, आणि मांडीवरची वाकळ माझ्यापुढे झटकली. "आगं सुमे, ही गादीच हाय की. वर कापड, खाली कापड, मधी भरताड. टाकं घातलं न्हाईस, मग सुटंल न्हाईतर काय हुईल?"

"चिकटवलंय ते, तानाक्का. चिकटवलेल्याला टाके लागत नाहीत."

"चिकटिवल्यालं सुटलं न्हवं का? आमी वाकळंला टाकं का घालताव, शोभंला? वरचं खालच्याला धरून ऱ्हावं म्हणून. मधलं किती बी मऊ असंना."

मी हसले आणि पुढच्या क्षणी हसू थांबलं. काचेचा धागा रिळावर होताच, दोरीसारखा जाड, सुटा. तो रेझिनमध्ये भिजवून एका कातडीतून दुसरीत आरपार नेला, तर वाळल्यावर प्रत्येक टाका म्हणजे एक छोटा खांब होणार. फोम आणि कातडी यांच्यामध्ये तेल असो नाहीतर आणखी काही, खांबाला त्याचं काय? मी इंजिनेरांकडे धावत गेले. त्यांनी कागदावर बराच वेळ रेघोट्या मारल्या आणि म्हणाले की असं कुणी केलेलं त्यांनी पाहिलं नाही, पण होऊ नये असंही कारण दिसत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मोठमोठ्या इंजिनियरांच्या सभेत जाडीच्या दिशेने धागे घालण्याबद्दल भाषणं ऐकली. ते यंत्राने शिवतात, गणितं मांडतात, किती टाके घातले तर किती बळ वाढतं आणि कुठे जास्त टोचल्याने कातडीच कमजोर होते ते सांगतात. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत असे, आणि मला चंदगडची ती बाई मांडीवर वाकळ घेऊन बसलेली दिसत असे.

तानाक्काने मला दाभण दिलं आणि रविवारी शिवायला स्वतः येते म्हणाली. पण रविवारी एकही बस आली नाही. होडीला टाका घालायचा तर दोन माणसं हवीत, एक आतून दाभण ढकलायला आणि एक बाहेरून ओढून परत द्यायला. शनिवारी दिवसभर मी सोललेली कातडी पुन्हा जागेवर बसवून हाताच्या गिरमिटाने दोन-दोन बोटांवर भोकं पाडून ठेवली होती, रेझिन शेवटचं एक डबाभर उरलं होतं, आणि मी मांगराच्या दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते. अण्णांशी माझं बोलणं आठवडाभर बंद होतं. आमची जुनी होडीसुद्धा आम्ही मुक्यानेच ओढत होतो. तेवढ्यात अण्णा आले, राखेने हात कोपरापर्यंत घासून धुतलेले, आणि न विचारता आडव्या ठेवलेल्या होडीच्या पलीकडे पाट घेऊन बसले. मी आत बसले. मधे होडीची भिंत. मला ते दिसत नव्हते आणि मी त्यांना.

दाभण मी ढकलायची, ते पलीकडे नाहीसं व्हायचं, धागा सरसर जायचा, आणि दोन बोटं सोडून ते पुन्हा माझ्याकडे यायचं. पहिल्या ओळीला हात जुळेनात. धागा अडकायचा, रेझिन मनगटावर ओघळायचं. मग हळूहळू लय लागली. तिसरी ओळ चालू असताना पलीकडून त्यांचा आवाज आला.

"सुमा. रीत म्हणल्यार नाळीक एक बोट लायतात. कुंकू आनी एक बोट तेल."

एकच बोट, तेही होडीच्या पुढच्या टोकाला. दाभण माझ्या हातात होतं.

"हांवें वाटी रिकामी केली," ते म्हणाले. "सगल्याक लायलें. तूंच सांगतालें न्हय गो, तेलाचो हात लागल्यार तें धरना म्हूण. हांवें आयकिल्लें."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. अडाणीपणा नाही, रीत नाही, काही नाही. मी चार वेळा, दहा वेळा त्यांच्यासमोर बडबडले होते, आणि त्यांनी नेमकं तेच केलं होतं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाच्या होडीची दोरीसुद्धा सोडून दिली नव्हती, त्याने माझी होडी मोडली. मला त्यांचा इतका राग आला की ते दाभण फेकून द्यावंसं वाटलं. मी विचारलं, "कित्याक?"

नदीवरून बार्जेचा भोंगा ऐकू आला, मग तिची लाट काठाला लागली. "चलो गेलो," ते म्हणाले. माझ्या भावाबद्दल बोलत होते. "आतां तूं वतलें. हांवें म्हणलें, होडी जाली ना जाल्यार सुमा उरता. एक वर्स उरता. मागीर पळोवंया." आणि मग अगदी हळू, "पाण्यांत तुजें तोंड पळयलें आनी म्हाका कळ्ळें, हांवें कितें केलां तें."

होडी झाली नाही तर मी निदान वर्षभर राहीन, एवढाच त्यांचा हिशेब. मी रडत होते, रागानेच. मला वाटत होतं की उठून जावं. पण रेझिन बादलीत होतं, ते घट्ट व्हायला लागलं होतं, आणि त्याला आमच्या दोघांचं काही पडलेलं नव्हतं. मी दाभण भोकात घातलं आणि ढकललं. पलीकडून त्यांनी ते ओढलं. धागा ताठ झाला. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मी त्यांना क्षमा केली असं नाही. क्षमा वगैरे खूप नंतर, ते गेल्यावर कधीतरी झाली असेल. त्या दिवशी मी फक्त टाके घातले. दुपार टळली तेव्हा शेवटची ओळ झाली, आणि वरून मॅटच्या उरलेल्या पट्ट्या बसवून मी बादली पालथी घातली. आईने मांगराच्या दारातूनच दोघांना भात आणि सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी दिली. आम्ही होडीच्या दोन बाजूंना बसून जेवलो.

आठ दिवस वाळू दिली. नवव्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले की ते एकटेच जाणार. मी काठावर उभी राहिले, या वेळी मी कुणालाही बोलावलं नव्हतं, तरी तो म्हातारा होताच. अण्णा होडीत चढले आणि मधोमध जाऊन त्यांनी टाच आपटली. पुन्हा आपटली. आवाज भरीव आला. ते वाकून माझ्या टाक्यांच्या ओळींवरून हात फिरवत होते. मग त्यांनी वल्हं मारलं. नदीच्या मध्यावर असताना वरच्या वळणावरून बार्ज आली, खनिजाने लादलेली, पाण्यात पार बुडालेली. मला ओरडावंसं वाटलं. बार्ज गेली, मागची लाट आली, होडी उचलली गेली, खाली आपटली, पुन्हा उचलली गेली. अण्णा तिच्यात पाय रोवून उभे होते. तळ लवला नाही. ते पलीकडे पोचले, उतरले, आणि माझी वाट न बघता नाळ धरून तिला चिखलातून वर ओढलं. कमरेवर हात ठेवून थोडे थांबले, पुन्हा ओढलं. होडी बांधावर चढली. मग ते शेताकडे निघून गेले, जसे रोज जायचे तसे. म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "आतां ताका कोण नाका."

संध्याकाळी मी बसमधून उतरून धावतच काठावर आले, रोजच्या सवयीने. अण्णा अलीकडे पोचत होते. होडी टेकली तशी मी चिखलात उतरून माझी बाजू धरली, जशी दोन वर्षं रोज धरत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"सोड गो," ते म्हणाले. "म्हाका जाता."

त्यांना आता एकट्याने जमत होतं, तरी मी सोडली नाही. मला जे हवं होतं ते अखेर मिळालं होतं, त्याच्यासाठी मी काय काय केलं होतं, आणि आता माझे हात होडीच्या काठावरून सुटत नव्हते. त्यांनी माझी बोटं एकेक करून काढली, घट्ट पण न दुखवता, आणि होडी ओढत वर गेले.